थोडं जुळतं

माझं काम काय आहे हे मी आजवर अनेकांना सांगितलं आहे, आणि बहुतेकांनी ते अर्ध्यात सोडून चहाचं विचारलं आहे. तळेगावच्या आमच्या सोसायटीत मी ‘कॉम्प्युटरवाल्या बाई’ आहे. कुणाचा प्रिंटर अडला की माझी बेल वाजते. मला प्रिंटर दुरुस्त करता येत नाही. नणंदेने एकदा मैत्रिणीला माझी ओळख करून देताना ‘ही जोड्या लावते’ असं सांगितलं, तर मैत्रिणीने लगेच मुलाची पत्रिका पाठवू का म्हणून विचारलं. नणंद चुकीचं सांगत नव्हती. मी जोड्याच लावते, पण नियमांच्या.

समजा, तुमची कंपनी दुसऱ्यांची माहिती सांभाळते. दवाखान्यांची बिलं असतील, हॉटेलांची बुकिंग असतील. ती माहिती देणारा ग्राहक म्हणतो, आमची माहिती तुमच्याकडे सुरक्षित आहे हे दाखवा, आणि त्यासाठी हे नियमांचं पुस्तक पाळा. दुसरा ग्राहक दुसरं पुस्तक पुढे करतो. परदेशातला तिसरं. सगळ्यांत मिळून सांगितलेलं असतं साधारण एकच: कुलूप लावा, किल्ली कुणाकडे आहे ते माहीत असू द्या, कोण आलं-गेलं ते लिहून ठेवा, नोकरी सोडून गेलेल्याकडून किल्ली परत घ्या. पण प्रत्येक पुस्तकाची भाषा निराळी, क्रम निराळा. कंपनीवाला रडकुंडीला येतो. आमचं टूल, म्हणजे संगणकातला एक प्रोग्रॅम, त्याला सांगतं की या पुस्तकातला हा नियम तुम्ही पाळता, म्हणजे त्या पुस्तकातला तो नियमही पाळल्यात जमा आहे, किंवा नाही.

ही ‘जमा आहे किंवा नाही’ची यादी करणं म्हणजे माझं काम. लोणावळ्यात तुंगार्लीला एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस आहे. टूल लिहिलं अजितने. तो माझ्याहून बराच लहान, हुशार, आणि रंगांचा शौकीन; जमा झालेला नियम तो पडद्यावर हिरवा दाखवतो, अर्धवट असेल तर पिवळा. मी त्याआधी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होते, तिथे ऑडिटच्या फायली तयार करता करता मला नियम वाचायची सवय लागली. सवय म्हणजे काय, आता मी लग्नपत्रिकासुद्धा अटी शोधत वाचते.

जोडी लावताना मला पाच शेरे वापरायला मिळतात. दोन नियम ‘तेच’ आहेत. हा ‘त्यात मावतो’. हा ‘त्याहून मोठा’ आहे. ‘थोडं जुळतं’. ‘संबंध नाही’. बाहेरच्याला वाटतं, यात अवघड ते काय? त्यांना मी लाइटबिलाचं उदाहरण देते. पत्ता सिद्ध करायला बँकेत लाइटबिल चालतं, गॅसच्या एजन्सीत चालतं. आता लाइटबिल म्हणजे पत्त्याचा पुरावा, हे ‘तेच’ आहे का? बिल एवढंच सांगतं की त्या जागेत कुणीतरी दिवा लावतं. आमच्या घरचं बिल अजून माझ्या सासऱ्यांच्या नावावर येतं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे कागदोपत्री दिवा ते लावतात आणि अंधारात मी राहते. लाइटबिल आणि पत्ता हे ‘थोडं जुळतं’ असं प्रकरण आहे. जगातली बहुतेक प्रकरणं तशीच आहेत, असं माझं मत बनत चाललं आहे.

ग्राहकांना हा शेरा अजिबात आवडत नाही. खंडाळ्याच्या बाजूच्या एका रिसॉर्टचे मालक आमच्याकडे आले होते. पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती ठेवायच्या तर जागेवर देखरेख हवी, असा नियम होता. ते म्हणाले, कॅमेरा आहे. मी बघायला गेले. कॅमेरा होता, चांगल्या कंपनीचा होता, आणि त्याचं तोंड दरीकडे होतं. पाहुण्यांना स्वागतकक्षातल्या पडद्यावर धुकं बघायला आवडतं, असं त्यांनी मला समजावलं. मी ‘थोडं जुळतं’ लिहिलं. ते रागावून दुसऱ्या टूलकडे गेले, तिथे त्यांचं सगळं हिरवं आहे असं ऐकते. शिरगावला भाविकांसाठी लॉज चालवणाऱ्या एका आबांनी आधारकार्डांच्या प्रती लोखंडी कपाटात ठेवल्या होत्या आणि कपाटाला कुलूप नव्हतं, दारावर साईबाबांचा फोटो होता. ते म्हणाले, “बाबांसमोर कोण हात लावतंय?” मी विचारलं, आजवर कुणी लावला का? नव्हता लावला. कॅमेऱ्यावाल्यापेक्षा आबांकडे माहिती जास्त सुरक्षित होती याबद्दल मला शंका नाही, आणि त्यांच्या बाजूने काय लिहावं हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही. आबांनी मात्र दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं. किल्ली फोटोच्या मागे ठेवली.

असले गोंधळ मी घरी जाऊन विसरते. एक मात्र विसरता आला नाही. तो कामशेतचा.

कामशेतला बाजारपेठेत तांदळाच्या एका गोदामाच्या वर रफिकभाई मुलाणींचं ऑफिस आहे. खाली पोत्यांची थप्पी, वर संगणकांच्या रांगा, जिन्यात कायम तुसाचा वास. मुंबईची एक आरोग्यविमा कंपनी दवाखान्यांची स्कॅन केलेली बिलं त्यांना पाठवते. ती वाचून रोगाचं नाव, औषध, रक्कम असं सगळं ठरलेल्या रकान्यांत भरायचं. हे काम करतात पवना धरणाकडच्या गावांतल्या बायका. कुणी बी.ए., कुणी बी.कॉम. शिकून लग्न झालेल्या, घरी भातशेती, लहान मुलं. हिंजवडीला जाऊन नोकरी करणं त्यांना शक्य नाही, घरचे सोडणार नाहीत आणि सोडलं तरी दिवस प्रवासात जाईल. कामशेत मात्र जमतं.

विमा कंपनीने रफिकभाईंना कळवलं की आजवरचं नियमांचं पुस्तक ठीक होतं, आता दुसरंही पाळलं पाहिजे. जुलैअखेर आमचा ऑडिटर येईल. त्याने नापास केलं तर काम हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीला जाईल. पत्रात हे फार सभ्य शब्दांत होतं. रफिकभाईंनी आमचं टूल घेतलं, जुन्या पुस्तकाप्रमाणे जे जे करत होते ते भरलं, आणि पडदा जवळजवळ सगळा हिरवा झाला. त्यांनी मला फोन करून सांगितलं, “ताई, आपण पास.”

मी म्हटलं, एकदा बघून जाते. माझं घर तळेगावात, ऑफिस लोणावळ्यात, कामशेत मध्ये. उतरायला काय लागतं?

लावणीचे दिवस होते. स्टेशनबाहेर रोपांच्या जुड्या भरलेला टेम्पो उभा होता आणि निम्मं कामशेत गुडघ्यापर्यंत चिखलाचं होतं. ऑफिसात मात्र कामं शिस्तीत चालली होती. मी नेहमीप्रमाणे नमुना तपासायला घेतला. संगणकात कोण आत्ता काम करतं आहे ते दिसतं. मी एक नाव निवडलं, सुमन, आणि म्हटलं, या बाईंना जरा भेटू दे.

खिडकीजवळच्या खुर्चीतली बाई उठली. मी विचारलं, “सुमन तुम्हीच ना?”

“न्हाई, मी लता. सुमन लावणीला गेली.”

“पण संगणकावर सुमन काम करतेय.”

“व्हय. आज दुपारपासनं सुमन मीच हाय.”

तिच्या चेहऱ्यावर काही लपवल्याचा मागमूस नव्हता. उलट, मला एवढं साधं कळत नाही याची थोडी कीव होती. मी यादी पुन्हा पाहिली. यादीप्रमाणे लता आपलं काम आटोपून घरी गेली होती आणि सुमन बिलं भरत होती. प्रत्यक्षात सुमन चिखलात होती आणि लता माझ्यासमोर. मी बाकीच्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि मला एकदम सगळीच नावं संशयास्पद वाटू लागली.

नंदा तिथली सुपरवायझर. बी.कॉम., लिहिताना शुद्ध मराठी, बोलताना गावची, आणि आवाज कधीही न चढवणारी. तिने मला बाजूला नेऊन समजावलं. गावात लावणीला सावड असते. आज तुझ्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तू. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून घरं एकमेकांना दिवस देतात. ऑफिसात पैसे बिलामागे मिळतात, आणि कुणी किती बिलं भरली हे लॉगिनवरून मोजलं जातं. सुमन रानात गेली तर तिचे पैसे बुडणार. म्हणून लता स्वतःचं काम सकाळी लवकर येऊन उरकते आणि दुपारनंतर सुमनच्या नावाने बसते. लताच्या लावणीला सुमन तिच्या खुर्चीत. नंदा म्हणाली, “आमी रानातली सावड हितं आनली, मॅडम. दुसरं काय न्हाई.”

“आणि पासवर्ड?”

“सगळ्यींना सगळ्यींचे पाठ हायेत. कुटं लिहून ठेवलेले न्हाईत. तुमच्या पुस्तकातच हाय ना, लिहून ठेवू नका म्हनून?”

होतं. पहिल्या पुस्तकात अगदी तसंच होतं. प्रत्येकीचं लॉगिन वेगळं असावं: होतं. पासवर्ड लिहिलेला नसावा: नव्हता. कामाची नोंद यंत्राने आपोआप ठेवावी: ठेवत होतं. एकही नियम मोडलेला नव्हता आणि कुठलं बिल कुणी भरलं हे देवालाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या पुस्तकात नेमकं तेवढंच मागितलं होतं: कुठलं काम कुणी केलं हे सांगता आलं पाहिजे.

मग टूलने हिरवं का दाखवलं? मी तिथेच एका रिकाम्या खुर्चीत बसून माझ्या नोंदी उघडल्या. ‘वेगळं लॉगिन’ आणि ‘कुणी केलं ते सांगता यावं’, शेरा: थोडं जुळतं. ‘आपोआप नोंद’ आणि ‘कुणी केलं ते सांगता यावं’, शेरा: थोडं जुळतं. माझ्या नोंदी बरोबर होत्या. मी अजितला फोन लावला.

तो म्हणाला, “ताई, दोन बाजूंनी थोडं थोडं जुळत असेल तर टूल त्यांची बेरीज करतं. दोन थोडं म्हणजे पूर्ण. ग्राहकांना पिवळा रंग सहन होत नाही.”

“अजित, दोन अर्ध्या किल्ल्यांनी कुलूप उघडतं का?”

तो म्हणाला की गणिताच्या दृष्टीने हे बरोबर आहे. असेल. मला गणित कळतं, पण समोर लता सुमन होऊन बसली होती आणि गणितात तिची जागा मला सापडत नव्हती.

त्या दिवशी माझा जो गोंधळ उडाला तो अजून पुरता उतरलेला नाही. मी नंदाला बसवून विचारलं, समज, या बिलातली कुणाच्या आजाराची माहिती बाहेर गेली. कुणाचं तरी लग्न मोडलं, कुणाची नोकरी गेली. नाव कुणाचं निघेल? ती म्हणाली, सुमनचं. मग सुमन पोलिसांना काय सांगेल?

“ती रानात व्हती म्हनून सांगल.”

“आणि यंत्र म्हणेल ती इथे होती.”

नंदा मला समजावणीच्या सुरात म्हणाली, “मॅडम, आमी सगळ्या सांगू की. गावात कुनालाबी विचारा, सुमन कुनाच्या खाचरात व्हती.”

आता यात चूक कुठे आहे? चार माणसांनी सुमनला चिखलात उभं असलेलं प्रत्यक्ष पाहिलं, तो पुरावा मोठा की यंत्रातली एक ओळ? माझं सगळं काम यंत्रातल्या ओळीच्या बाजूचं आहे. पण त्या क्षणी मला जर कुणी विचारलं असतं की तू कुणावर विश्वास ठेवशील, तर मी नंदावर ठेवला असता. तरीही नंदाचं चालू देणं शक्य नव्हतं, कारण पोलीस खाचरात चौकशीला येत नाहीत, आधी नाव बघून दारात येतात. हे मी तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली की सुमनच्या सासूला पोलीस दारात आलेले चालणार नाहीत.

सावड बंद करा म्हणायला माझी जीभ रेटेना. बंद केली तर अर्ध्या बायका लावणीत कामाला येणार नाहीत, काम तुंबेल, आणि विमा कंपनीला हिंजवडीला जायला तेवढंच कारण मिळेल. उपाय मला चहा पिताना सुचला, आणि तो इतका साधा होता की त्याचा मला रागच आला. लताने सुमनचं काम जरूर करावं, पण लता म्हणूनच करावं. स्वतःच्या लॉगिनवर. पैसे कुणाला द्यायचे ते नंदाने सांगावं आणि रफिकभाईंनी त्याप्रमाणे द्यावे. काम कुणी केलं आणि पैसे कुणाचे, या दोन गोष्टी लॉगिनला बांधून आपण एक करून टाकल्या होत्या. त्या ‘तेच’ नव्हत्या.

हे करायचं तर रफिकभाईंना सगळं सांगावं लागणार होतं. ते खालच्या गोदामात होते. ऐकताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. ते दरवर्षी पेढे वाटत पेठेत सांगत फिरायचे की माझ्या पोरी लावणीलासुद्धा सुट्टी घेत नाहीत.

“मला कुणी सांगितलं कसं नाही?” ते नंदाला म्हणाले.

“तुमी कुटं इचारलंत, भाऊ? दरसाल पेढे वाटताय. आमाला वाटलं, ठाव असंल.”

रफिकभाई पोत्यावर बसले. रागावले नव्हते, पण दुखावले होते. शेवटी म्हणाले, पैशांचं नंदा सांगेल तसं करू, त्यात काही अडचण नाही. आणि मग मला वेगळं बोलावून त्यांनी विचारलं की आजपासून सगळं नीट झालं, तर मागचं काढायची गरज काय? मी म्हटलं, मी होऊन काढणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही. त्यांना हे उत्तर आवडलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते फार पक्कं वाटत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी सुट्टीचा दिवस घालून कामशेतला गेले. सगळ्याजणींना एकत्र बसवलं, पासवर्ड बदलायला लावले. एकीने नवीन पासवर्ड ठरवला आणि सवयीने शेजारणीला सांगून टाकला. तो पुन्हा बदलला. लताला सगळ्यात जड गेलं. ती म्हणाली, सुमनचं काम माझ्या नावावर दिसणार, लोक म्हणतील लता हावरट. तिला तिच्या नावाची ही काळजी वाटेल हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. नंदाने तिची समजूत घातली. कशी घातली ते मला ऐकू आलं नाही.

ऑडिटर आले ते तांबे नावाचे पुण्याचे गृहस्थ. बारीक, शांत, आपल्या डब्यातलंच खाणारे. त्यांनी चालू आठवड्याच्या नोंदी पाहिल्या. सुमन गैरहजर, तिथेच काम करणारी नंदाची जाऊ गैरहजर, आणखी कोण कोण गैरहजर. सगळं खरं, सगळं स्वच्छ. मी मनात म्हटलं, झालं. मग त्यांनी गेल्या वर्षीचा जुलै उघडला.

एकेक आठवडा ते पडद्यावर खाली सरकवत गेले. खालून पोती टाकल्याचे आवाज येत होते.

“यंदा लावणीत निम्मी खोली रिकामी,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी एकही गैरहजर नाही. माझं गाव वेल्ह्याकडे आहे. तिकडे लावणीत शाळेतले मास्तरसुद्धा सापडत नाहीत.”

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. बायका पडद्यांकडे बघत होत्या पण कुणाचे हात चालत नव्हते. त्यांच्या नोकऱ्या त्या वेळी तिथे, त्या टेबलावर होत्या, आणि हे प्रत्येकीला कळत होतं.

तांब्यांनी मान माझ्याकडे वळवली. “तुमच्या टूलमध्ये गेल्या वर्षीच्या पद्धतीलाही हिरवं आहे. तुमचं काय म्हणणं?”

मी म्हटलं, “रंग टूलचा आहे. माझी नोंद खाली आहे. थोडं जुळतं.”

“थोडं म्हणजे किती?”

याचं उत्तर दिलं नंदाने. ती उठून उभी राहिली आणि सावडीचं सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, न घाबरता, न लपवता. तांब्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, गेल्या वर्षीचं कुठलं बिल कुणी भरलं, हे सांगता येईल का?

“न्हाई, साहेब. कोन कुनाच्या रानात व्हतं ते सांगता येईल. बिलाचं न्हाई सांगता येनार.”

तांब्यांनी लिहून घेतलं. लिहिताना चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. जाताना त्यांनी जिन्यात थांबून रफिकभाईंना एवढंच विचारलं की खाली इंद्रायणी तांदूळ आहे का, आणि दर ऐकून न घेताच निघून गेले. रफिकभाईंनी या प्रश्नाचा अर्थ लावण्यात पुढचे कित्येक दिवस घालवले. आधी म्हणाले पास, मग म्हणाले नापास, मग पुन्हा पास.

अहवालात दोन्ही होतं. मागच्या वर्षाबद्दल दोष नोंदवला होता, आणि ऑडिटरच्या भेटीआधी सुधारणा केल्याचंही नोंदवलं होतं. विमा कंपनीने दोन महिन्यांची मुदत दिली आणि तोवर नवीन काम थांबवलं. ते महिने वाईट गेले. काही जणी घरी बसल्या. एकीने वडगावला कापडाच्या दुकानात काम धरलं ती परत आलीच नाही. खरं बोलून आपण हे ओढवून घेतलं का, असं मी स्वतःला विचारत होते, आणि उत्तर रोज वेगळं येत होतं. रफिकभाईंनी मला एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

सप्टेंबरअखेर तांबे पुन्हा आले, नोंदी पाहिल्या, आणि काम परत सुरू झालं. का, ते मला आजही कळलेलं नाही. अजित म्हणतो, सुधारणा चांगली होती. रफिकभाई म्हणतात, हिंजवडीवाल्यांनी भाव जास्त सांगितला. मला कधी वाटतं तांब्यांना वेल्हं आठवलं, आणि कधी वाटतं तसं काही नसेल, त्या माणसाने फक्त नियम पाळला. तिन्ही कारणं थोडी थोडी खरी असतील. त्यांची बेरीज मी करत नाही. अजितनेही टूलमधली ती बेरीज काढून टाकली. पडद्यावर आता पिवळं पुष्कळ दिसतं, आणि त्यापायी आमचे काही ग्राहक गेले.

दसऱ्याआधी मी घर काढायला घेतलं होतं, तेव्हा एका रविवारी सकाळी बेल वाजली. मला वाटलं प्रिंटर. दारात नंदा, सुमन आणि लता उभ्या होत्या. मी सुमनला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. नंदा म्हणाली, तुम्ही आम्हाला तुमचा रविवार दिला, तो फेडायचा राहिला होता. मी म्हटलं, अगं, ते माझं कामच आहे. तर ती म्हणाली, काम पगाराच्या दिवशी, रविवारी सावड. माझ्याकडे खाचर नाही हे तिला माहीत होतं. तिने आत येऊन इकडेतिकडे पाहिलं आणि माळ्याकडे बोट केलं.

तिघींनी दुपारपर्यंत माझा माळा रिकामा केला. चाकणच्या काळातल्या ऑडिटच्या फायली निघाल्या, सासऱ्यांचा रेडिओ निघाला. लताने फायली चाळून विचारलं, हे ठेवायचं की रद्दी? मी ठरवेपर्यंत तिने रद्दीत घातल्या. त्या जेवून निघाल्या तेव्हा मी म्हटलं, झालं ना आता बरोबर? नंदाने चपला घालता घालता मान हलवली. तुमचा दिवस बसून होता, आमचा शिडीवर, असं तिचं म्हणणं. तेव्हा आता तुम्हीच एक देणं लागता, लावणीला या.

मी यंदा गेले. त्या दिवसाचं माझं काम अजितने केलं, स्वतःच्या लॉगिनवरून. सुमनच्या खाचरात मला मधली ओळ दिली होती. कंबर मोडून रोपं खोचत मी बांधापर्यंत पोचले आणि मागे वळून पाहिलं, तर सुमन माझ्या ओळीतली रोपं उपटून पुन्हा लावत येत होती. माझी निम्मी रोपं पाण्यावर आली होती. कुणी हसलं नाही, पण कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं, म्हणजे सगळ्यांना हसू येत होतं.

संध्याकाळी बांधावर पाय धुताना मी नंदाला विचारलं, “मग, फिटलं का आता?”

तिने माझी ओळ पाहिली, सुमनने सरळ केलेली ओळ पाहिली, आणि जरा विचार करून म्हणाली, “थोडं जुळतंय, मॅडम.”